छातीएवढी रेघ

मी, खाली सही करणारा, धंद्याने रंगारी, वय त्र्याहत्तर, गुडघे सोडले तर धडधाकट आणि डोके ठिकाणावर असलेला, कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवतो की माझ्या पश्चात माझ्या चीजवस्तूंची व्यवस्था पुढीलप्रमाणे करावी. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. नदीकाठचे माझे घर, खाली एक खोली व वर एक, माझ्या एकुलत्या एका मुलीला द्यावे. ती नातीला घेऊन तिथे राहायला येणार म्हणते. म्हणून पुढची कलमे तिने घाई न करता वाचावीत.

२. हे घर बघायला आम्ही तिघे गेलो होतो: मी, मुलीची आई आणि माझा धाकटा भाऊ. भाऊ गवंडी. त्याने खालच्या खोलीची भिंत बोटांनी ठोकली आणि म्हणाला, "दादा, ही भिंत पाणी प्यालेली आहे. घेऊ नकोस." तोवर हिने खिडकीत उभे राहून पलंगाची जागाही ठरवली होती. मी भावाला म्हणालो, "माझं घर होतंय ते तुझ्या डोळ्यांत खुपतंय." तो चपला घालून निघून गेला. एकवीस वर्षे झाली, त्याने आमचा उंबरा ओलांडलेला नाही. ही गेली तेव्हाही तो रस्त्यावरच उभा होता.

३. खरे असे की, त्याने ठोकण्याआधीच मला कळले होते. भिंतीला छातीपर्यंत तेलरंग होता आणि वर साधा. पुराची रेघ झाकायची असली की आम्ही रंगारी असेच करतो. मालकांच्या सांगण्यावरून मी स्वतः अशा कितीतरी रेघा झाकल्या आहेत. हिचा चेहरा पडेल म्हणून मी तोंड उघडले नाही.

४. तिसऱ्या वर्षी नदी घरात आली, बरोबर त्या रेघेपर्यंत. पाणी ओसरल्यावर मीही तेलरंगच मारला. ओल आतच राहिली आणि हिच्या छातीत खोकला बसला तो कायमचा. शेवटच्या आजारपणात ती म्हणाली, "भाऊजींचीच नजर लागली आपल्या घराला." मी तिचे पाय चेपत होतो. मी हो म्हणालो. त्या एका शब्दाची मला आजही लाज वाटते.

५. गेल्या महिन्यात मी तो तेलरंग खरवडून काढला आहे. आता रेघ दिसते. ती कोणी झाकू नये. नातीला खाली झोपवू नये. घर विकायचे झाल्यास गिऱ्हाइकाला आधी भिंत दाखवावी, मग खिडकी.

६. बँकेतली शिल्लक खालच्या खोलीचा गिलावा उतरवून नव्याने करण्यासाठी वापरावी. ब्रश, शिडी आणि खरवडायचा पत्रा जावयाला. त्याला खिळाही सरळ ठोकता येत नाही, पण शिकेल. "नदी काय, लांबूनच बघायची असते" असे सांगून हे घर आमच्या गळ्यात घालणारा दलाल अजून याच गल्लीत घरे दाखवतो. त्याला माझी गळकी छत्री द्यावी.

७. भावाला मी काहीही ठेवलेले नाही. मृत्युपत्रात ज्याला वाटा मिळतो त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाई म्हणाल्या, आणि मला त्याची साक्ष हवी आहे. शेजारच्या डॉक्टरांना दुसरे साक्षीदार म्हणून बरोबर घेऊन मी त्याच्या दारी जाईन आणि हा कागद मोठ्याने वाचून दाखवीन. सही करायची की नाही, ते त्याने ठरवावे.

ठिकाण: भावाचे घर, स्वयंपाकघरातले टेबल
तारीख: नऊ, रविवार
लिहून ठेवणार: रंगारी (सही)

साक्षीदार पहिला: शेजारचे डॉक्टर (सही). लिहून ठेवणार पूर्ण शुद्धीवर आहेत.

साक्षीदार दुसरा: धाकटा भाऊ, गवंडी (सही). सगळं ऐकलं. गिलावा मी करीन. पण दादा, हे वहिनीला सांगायला हवं होतंस.