सोमवारचं काम

११ मार्च, सकाळ

प्रिय काकू,

नमस्कार.

"चुकलं कुणाचं ते नंतर बघू, आधी दुखतंय कुणाला ते बघ." हे वाक्य तुमच्या धाकटीनं मला ऐकवलं त्याला एकवीस वर्षं झाली. माझा कामाचा पहिलाच दिवस होता. हातातून प्लास्टरचा साचा निसटला, त्याचे तीन तुकडे झाले आणि मी भराभर खुलासे द्यायला लागले. टेबल ओलं होतं, कुणीतरी हाक मारली, साचा आधीपासूनच तडकलेला होता. तिनं काही न ऐकता माझा हात धरून उलटा केला. अंगठ्यातून रक्त येत होतं आणि मलाच त्याचा पत्ता नव्हता.

खरं तर आधी तुमची तब्येत विचारायला हवी होती. पण तब्येतीचं कळलं, म्हणूनच तर हे वाक्य आठवलं.

थोरलीचा फोन आला होता. बहिणीबहिणींचे आवाज इतके सारखे, की क्षणभर मी खुर्चीचा हात घट्ट धरला. "तू दातांचं काम अजून करतेस ना?" असं तिनं विचारलं आणि मग सगळं सांगितलं. खालच्या हिरडीवर डाव्या बाजूला जखम झाली आहे, दोन महिने झाले तरी भरत नाही. डॉक्टर म्हणतात कवळी घासून घ्या, नाहीतर नवी करा. आणि तुम्ही त्यांना म्हणालात, "डॉक्टर, माझं दुसरं काय कापायचं ते कापा, हिला हात लावायचा नाही." थोरली हे हसत सांगत होती. मग मध्येच थांबली. "आई सफरचंदसुद्धा किसून खाते गं," म्हणाली. "तू सांगून बघ. तुझं ऐकेल कदाचित."

मी म्हटलं, बघते. त्यानंतर तीन दिवस नुसती बघतच बसले.

माझं बरं चाललं आहे. खरंच बरं. पंचेचाळिशी उलटली, चष्म्याचा नंबर दोनदा वाढला, पण हात स्थिर आहेत. आम्हाला काम शिकवणारे मास्तर निवृत्त झाले आणि त्यांची करकरणारी खुर्ची माझ्याकडे आली. आम्ही अजून तिथेच आहोत, दवाखान्याच्या खालच्या तळघरात. खिडकीतून अजूनही फक्त लोकांचे पाय दिसतात. बूट बघून माणसाचे दात ओळखायचा खेळ तिनं काढला होता. "हे बूट बघ, याचे पुढचे दोन नक्की माझ्यासारखे." तिच्या दातांवरून सगळे तिला खारूताई म्हणायचे, आणि ते नाव तिनं स्वतःच पसरवलं होतं, दुसऱ्या कुणी वाईट नाव ठेवायच्या आत. माझं नाव मुकी. तेही तिनंच ठेवलं. तुम्ही मला अजून त्याच नावानं ओळखत असाल.

काकू, आमचं काम कसं चालायचं ते तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. वर डॉक्टर माप घ्यायचे. खाली आमच्याकडे यायचा तो पांढरा साचा आणि त्यावर एक नंबर. आम्ही नंबराचे दात करायचो. एकशे बाराचे, एकशे तेराचे. माणूस बघायची पद्धतच नव्हती. ही मात्र मेणात दात बसवायची सुरी खाली ठेवायची आणि बावीस पायऱ्या चढून वर जायची. रुग्णाशेजारी बाकावर बसायची. म्हणायची, "एखादा जुना फोटो आहे का हो? हसतानाचा?"

मास्तर चिडायचे. "बाई, तुम्हाला दात करायला ठेवलंय, स्थळं बघायला नाही."

"मास्तर, तोंड न बघता स्थळसुद्धा ठरवत नाहीत. आपण तर तोंडच ठरवतोय," ही म्हणायची, आणि तोपर्यंत अर्धा जिना चढलेली असायची.

एकदा एका बसचालकाची कवळी तीनदा परत आली. वर सगळे म्हणाले, मापात बरोबर आहे, माणूसच कटकट्या आहे. ही वर गेली आणि तासाभरानं खाली आली. त्याच्या पुढच्या दातांत पूर्वी फट होती. त्या फटीतून शीळ घालून तो कुत्र्याला बोलवायचा. नव्या दातांतून शीळ येईना, आणि कुत्रा त्याच्याकडे अनोळखी माणसासारखा बघायचा. तिनं कवळीत मुद्दाम फट ठेवली. मास्तरांनी डोक्याला हात लावला. आठवड्यानं आमच्या खिडकीबाहेर शीळ ऐकू आली, आणि मग चार केसाळ पाय धावत गेले. "कुत्रा आला. कवळी पास," ती म्हणाली आणि पुन्हा कामाला लागली.

आता मीच त्या पायऱ्या चढते. मुकी असूनही. गुडघे कुरकुरतात, पण वर गेल्याशिवाय मला मेण तापवायला सुचत नाही. लोक फोटो दाखवतात, फोटोतल्या दिवसाबद्दल सांगतात, आणि मी ऐकते. दिवस छान जातात काकू. इतके छान, की कधीकधी वाटतं, हे तिच्या वाटचे दिवस मी वापरतेय. मग तीच कानात म्हणते, "वापर की. मी कुठे वापरतेय?"

आता तुमच्या कवळीकडे येते. इतका वेळ मी इकडचं तिकडचं लिहीत होते, ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

तुमचे दात लवकर गेले. तुम्ही बावन्न वर्षांच्या होतात आणि ती अठ्ठावीसची. तुमची कवळी तीच करणार हे ठरलेलं होतं. पण तोवर तिच्या रक्तातला आजार बाहेर आला होता आणि औषधांनी तिची बोटं बधिर झाली होती. बोटांची फक्त टोकं, पण आमच्या कामात बोटांची टोकं म्हणजेच सगळं. मेण गरम आहे की गार, हेही तिला कळायचं नाही. मला विचारायची.

वरचे पुढचे सहा दात तिनं लावले. चार दिवस लागले. तुमचा जुना फोटो समोर उभा करून, एकेक दात लावायचा, काढायचा, पुन्हा लावायचा. डावीकडचा दात शेजारच्यावर किंचित चढलेला आहे ना, तो तसा मुद्दाम आहे. मी म्हटलं, सरळ लाव, काकू छान दिसतील. ती म्हणाली, "सरळ लावला तर आई दुसऱ्याच बाईसारखी हसेल."

सहावा दात लागला आणि तिनं सुरी माझ्या हातात दिली. बाकीचं सगळं मी केलं, काकू. वरच्या दाढा मी केल्या. खालची कवळी पूर्ण मी केली. ती शेजारच्या स्टुलावर बसून मला हसवत होती, आणि मध्येच डोकं टेबलावर टेकवून डोळे मिटत होती. खालच्या कवळीत तिचं काही असलंच, तर ते हसणं आहे. तिचा हात त्यात नाही.

हे वाक्य लिहून मी उठले होते. चहा करून आले. अजून एक राहिलंय.

कवळी तुम्हाला दिली त्या शनिवारी तुमच्या स्वयंपाकघरात आपण तिघी होतो. कितीतरी महिन्यांनी तुम्ही सफरचंदाचा तुकडा तोडलात, चावलात आणि तुमचा चेहरा आक्रसला. "डावीकडे टोचतंय गं जरा." तिनं खालची कवळी हातात घेतली आणि आतून बोट फिरवलं. तिला काही लागलं नाही, लागणारच नव्हतं. तिनं टेबलाखालून ती माझ्याकडे दिली. मी बोट फिरवलं आणि ते डावीकडे अडलं. मोहरीएवढा उंचवटा होता. साच्यात हवेचा बुडबुडा राहिला की तिथे बारीक खळी पडते, खळीत प्लास्टिक भरतं आणि असा दाणा तयार होतो. कवळी देण्याआधी आतून बोट फिरवायचं, दाणा लागला तर घासून टाकायचा. दोन मिनिटांचं काम. ते मी केलं नव्हतं. त्या दिवशी तिचे रिपोर्ट आले होते आणि मला काही दिसत नव्हतं, पण हा पुन्हा खुलासाच झाला.

मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "आई, माझ्याच बोटांना कळलं नाही गं. सोमवारी घासून देते."

तुम्ही म्हणालात, "राहू दे, होईल सवय. तू आधी बरी हो."

जिन्यात मी तिला अडवलं. "माझी चूक तू का घेतलीस?"

"माझ्यावर आई दोन मिनिटं रागावेल आणि विसरेल. तुझ्यावर रागवायला तिला आधी तुझी ओळख वाढवावी लागेल. कोण एवढं करतंय?" मग माझ्या खांद्याचा आधार घेत म्हणाली, "सोमवारी तू ये आणि घासून दे. विषय संपला."

रविवारी तिला इस्पितळात नेलं. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

महिन्याभरानं मी तुमच्याकडे आले, तेव्हा घासायचं छोटं यंत्र माझ्या पर्समध्ये होतं. तुम्ही दार उघडलंत आणि बसायच्या आत म्हणालात, "टोचते, पण राहू दे. तिचा हात आहे यात." मी पर्सची चेन लावली. तेव्हाच बोलायला हवं होतं. त्यानंतर आठ वर्षं अधूनमधून येत राहिले, आणि दर वेळी बोलायचं ठरवून येत राहिले. मग एका रविवारी तुम्ही हसत म्हणालात, "डावीकडे टोचलं की वाटतं, ही जेवताना मला चिमटा काढतेय. लहानपणी काढायची तसा." मी घोटभर पाणी प्यायले, चपला घातल्या आणि निघाले. त्यानंतर अकरा वर्षं आले नाही. कामं वाढली, घर लांब गेलं, असं थोरलीला सांगत राहिले. चिमटा तिचा नव्हता काकू. माझा होता.

एकोणीस वर्षं मी चुकलं कुणाचं हेच बघत बसले. दुखत होतं तुम्हाला. तिनं शिकवलेलं सगळं मी शिकले, शीळ घालणाऱ्यांसाठी फट ठेवायला शिकले, फक्त पहिल्या दिवशीचं ते एक वाक्य तेवढं राहून गेलं.

या पत्रानं तुमच्याकडून काही काढून घेतलं असेल, तर ते मला परत देता येणार नाही. एवढंच सांगते, वरचे सहा दात अगदी तिचे आहेत. तुम्ही आरशात हसता तेव्हा जे दिसतं, त्यात माझं काही नाही. ते कुणालाही बदलू देऊ नका, मलासुद्धा. पण खालचा दाणा जपण्यासारखा नाही. त्यात तिची आठवण नाही, फक्त तिनं मला सांगितलेलं एक काम आहे.

येत्या सोमवारी दुपारी मी तुमच्या दारात येते. यंत्र तेच आहे, तेलपाणी करून ठेवलंय. तुमच्या स्वयंपाकघरात, त्याच टेबलाशी, तुमच्या डोळ्यांसमोर बसेन. जास्तीचा एक कणही घासणार नाही. येताना सफरचंदं आणते, न किसलेली. आता माझी ओळख पुरेशी वाढली असेल, तर आधी पोटभर रागवा. त्याला दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला तरी मी बसून राहीन.

तुम्ही 'नाही' म्हणाल, हे मला ठाऊक आहे. डॉक्टरांना म्हणालात, थोरलीला म्हणालात, मला तर म्हणालच. तरी विचारते. खालची कवळी दोन मिनिटं माझ्या हातात द्याल?

तुमची,
इतकं सगळं बोललेली
मुकी