दरफळणीचा चुकलेला दिवस

मी, येरूशा, बाप हसाजी झिराडकर, वय चोवीस, जात बेने इस्राएल, धंदा शिवणकाम व शिकवणे, राहणार गेवराई, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. छाती बिघडली आहे, डोके ठिकाणावर आहे. हकीमसाहेब होळीपर्यंत म्हणतात. मला कोणी पढवलेले नाही की धमकावलेले नाही. यात काही चुकले तर ते माझेच चुकले समजावे.

कलम पहिले. बाबांनी रस्त्यांच्या खात्यात नोकरी करून बांधलेले दोन खणांचे माळवदाचे घर मी रूपाबाई सामाजी पेझारकर यांना देते. अट एकच. पुढच्या खणात जुम्म्याचा वर्ग चालू राहावा. गेवराईत आमची घरे चार. शब्बाथ, म्हणजे आमचा विसाव्याचा वार, शनिवारी, पण कचेऱ्यांना सुट्टी शुक्रवारी. म्हणून बाबांनी वर्ग शुक्रवारी धरला, आणि तो मोठ्या माणसांसाठी धरला. "पोरं शिकतील कुठंतरी. म्हाताऱ्यांना कोण शिकवणार?" असे ते म्हणत. मला त्यांनी घरीच चुलीपुढे आमच्या यहुदी पोथ्यांची इब्री अक्षरे शिकवली, राखेत बोटाने काढून. मागल्या वर्षीच्या तापाच्या साथीत ते गेले आणि वर्ग माझ्याकडे आला. माझ्या शिष्यांत माझ्याहून लहान कोणी नाही.

कलम दुसरे. सात पाट्या आणि बाबांचे मराठी अर्थासह छापलेले प्रार्थनेचे पुस्तक वर्गाचे. पुस्तकाची चाळिशीतली पाने सुटली आहेत, ती खळीने चिकटवावीत, सुईने शिवू नयेत. मी एकदा शिवली आणि एक ओळ भोकात गेली.

कलम तिसरे. शेळी शेजारच्या भिवराबाईंना. त्या नाही म्हणतील. बांधून यावे.

कलम चौथे. जालन्याचे चुलते रबेनजी यांना काही नाही. बाबांच्या मातीच्या दिवशी ते अंगणात म्हणाले होते, "पोरीच्या हाती वर्ग दिला म्हणजे देवाच्या कामाचा पोरखेळ झाला." मी ते विसरले नाही. तेव्हा ते खोटे होते. पुढे ते खरे करून दाखवले मी, याचे दुःख मला छातीच्या दुखण्याहून जास्त आहे. कसे ते पुढच्या कलमात.

कलम पाचवे. हे माझ्या माघारी वर्गात मोठ्याने वाचावे.

आमच्या वर्षातही कधी कधी तेरावा महिना येतो, जसा शेजाऱ्यांचा अधिक महिना. तो कधी घालायचा हे मुंबईहून छापील कागद येई त्यावर असे. साथीच्या वर्षी कागद आला नाही. मी पत्र टाकले, उत्तर नाही. दुसरे टाकायला हवे होते. त्याऐवजी मी त्रिंबक जोशींच्या घरी जाऊन पंचांग पाहून आले. त्यात अधिक महिना नव्हता. मी धरून चालले की आमच्यातही नसेल. ज्यांचा चंद्र एक त्यांचा हिशेब एक, असे मला वाटले. कोणी विचारले नाही, कारण मी मास्तरीणबाई.

म्हणून दरफळणी, म्हणजे आमचा किप्पुरचा उपास, ज्या दिवशी घराची दारे लावून आत क्षमा मागायची असते, ती आम्ही एक महिना आधी, गौरी-गणपतीत धरली.

रूपाबाईंचे यजमान सामाजी, करोडगिरीच्या म्हणजे जकातीच्या नाक्यावरचे जुने जवान, वय त्रेसष्ट, माझे सर्वांत मोठे शिष्य. त्यांच्या पोटात महिनाभर अन्न ठरत नव्हते. रूपाबाई माझ्यासमोर त्यांना म्हणाल्या, "लई झाली तुमची भक्ती. उपास कावून करता?" मीही म्हटले की आजाऱ्याला सूट आहे. ते हसले. "मास्तरीणबाई, साठ वर्षं दारं लावली. आत बसून काय म्हणायचं ते ठावं नव्हतं. भिताडाकडं बघून बसायचो. औंदा वाचून म्हणणार हाय."

आणि त्यांनी वाचले. ओळीखाली बोट धरून, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत, पाण्याचा थेंब न घेता. आठव्या दिवशी ते गेले. हकीमसाहेब उपासाला दोष देत नाहीत. मी देते.

कार्तिकात नवा कागद आला. खरा किप्पुर ऐन दसऱ्यात होता. त्या दिवशी आमच्या चारही घरांची दारे सताड उघडी होती.

रूपाबाई मला दर जुम्म्याला सांगतात, "म्हातारा धुऊन निघून गेला, बाय. किप्पुर करून गेला." मी पाटी पुसत राहते. दोन महिने मी त्यांना सांगितलेले नाही. पहिले कलम या कलमाची भरपाई समजू नये; ते आधी ठरले होते. तरी समजले गेले तर माझा इलाज नाही.

कलम सहावे. पाचवे कलम लिहून रात्र गेली आणि मनाला पटले नाही. मेल्यावर सांगणे म्हणजे समोरून उठून जाणे. आज सकाळी मी रूपाबाईंना बोलावून पाचवे कलम वाचून दाखवले.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाल्या, "दसऱ्याला भिवराबाईनं पुरणाची पोळी धाडली होती. म्या खाल्ली. त्याला आवडायची म्हणून त्याच्या वाट्याची बी खाल्ली." आणि पदर तोंडाला लावून उठून गेल्या. मी हाक मारली, पण माझी हाक आता दारापर्यंत पोचत नाही.

मी पहिले कलम खोडायला घेतले होते. घर नकोच म्हणतील असे वाटले.

तिसऱ्या प्रहरी त्या परत आल्या. डोळे सुजलेले, हातात पाटी. म्हणाल्या, "तुला माफ केलं का, ते मला इचारू नको. मला ठावं न्हाई. पर ते पाचवं कलम खोडायचं न्हाई. जुम्म्याला मी वाचीन, तू जित्ती असताना. आन् तो मुंबईचा कागद दे इकडं. पुढल्या साली कुणी पंचांग बघाया गेलं तर तंगडी मोडीन."

म्हणून वर्ग त्यांच्याकडे देते. त्यांना अजून एकसारखी दिसणारी अक्षरे अडतात, पण त्या विचारतात. मी विचारले नाही.

माझ्या मातीला दहा पुरुष मिळणार नाहीत, तेव्हा कद्दिश, म्हणजे मेलेल्यामागची प्रार्थना, होणार नाही, हे मला माहीत आहे. त्याबद्दल कोणी वाईट वाटून घेऊ नये. सामाजींसाठीही झाली नव्हती. जालन्याहून किंवा कुठूनही कधी दहा जमले तर आधी त्यांची म्हणावी. उरली तर माझी.

सही: येरूशा हसाजी झिराडकर
साक्षीदार: त्रिंबक जोशी, स्वदस्तुर
साक्षीदार: भिवराबाईंचे यजमान आसाराम, निशाणी अंगठा
मुक्काम गेवराई, माहे इस्फंदार, सन १३२९ फसली, इंग्रजी १२ जानेवारी १९२०

रूपाबाईंना घर दिल्यामुळे त्यांची साक्ष चालत नाही, असे अर्जनवीस म्हणतात. म्हणून त्यांच्याकडून इब्री तारीख तेवढी लिहून घेतली. लिहिताना त्यांनी माझ्याकडे पाहून विचारले, "बरोबर हाय का?" मी म्हटले, माझ्याकडे बघू नका, कागदाकडे बघा. त्यांनी कागदावर बोट ठेवून दोनदा पाहिले आणि मग लिहिले:

तेबेत २१, ५६८०