पुढच्या उजव्या चाकाचा नट

कॉनकॉर्ड, नॉर्थ कॅरोलायना
मंगळवार, मदर्स डेच्या दुसऱ्या दिवसाचा दुसरा दिवस

प्रिय वर्नाताई,

धाकट्या भावाचा, तुझ्या हाताच्या टप्प्याबाहेर उभं राहून, कमरेत वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? दाजींची साखर ताब्यात आहे का? चर्चच्या गाण्यात तुला पुन्हा मागच्या ओळीत उभं केलं असं कानावर आलं. ज्यांनी केलं त्यांना तू कोण आहेस हे अजून नीट कळलेलं दिसत नाही. आम्ही इकडे मजेत आहोत. म्हणजे ग्लेंडा मजेत आहे, आणि मी रविवारपासून तिच्या समोर फारसा येत नाही. जेवण तेवढं वेळेवर मिळतं.

रविवारी डार्लिंग्टनच्या मोटार शर्यतीत जे झालं ते तू टीव्हीवर पाहिलंस. टीव्हीवर एवढंच दिसलं असणार की तुझा ब्रँटली, चौतीस फेऱ्या उरल्या असताना, उभ्या आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांच्या पुढे होता. मदर्स डे होता. गाडीच्या पुढच्या काचेवर फूटभर अक्षरांत तुझं नाव होतं. आणि तुझ्या सख्ख्या भावाने त्याला चाक बदलायला आत बोलावून घेतलं. त्यानंतर दाजींनी टीव्हीला काय फेकून मारलं तेही मला समजलं आहे. (रिमोट मारायचा होता. हाताला लागलं ते गोड कोबलर भाजायचं भांडं, आणि ते ग्लेंडाचं होतं.) तू मला आता भाऊ म्हणायला तयार नाहीस हेही समजलं. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितो. वाचून झाल्यावर शिव्या दे, मधे थांबून देऊ नकोस.

तुला आठवत असेल, मी या धंद्यात आलो तेव्हा एका चाकाला पाच नट असायचे. गाडी आत आली की भिंतीवरून उडी मारायची, गुडघ्यावर पडायचं, हवेच्या बंदुकीने पाच नट काढायचे, नवं चाक बसलं की पाच लावायचे. मग गाडीच्या दुसऱ्या बाजूला धावत जाऊन पुन्हा तेच. हे मी एकोणीस वर्षं केलं. त्या पाचांचा एक ताल असतो, तो एकदा हातात शिरला की निघत नाही. ग्लेंडाची तक्रार होती की मी झोपेत तिच्या खांद्यावर पाच टिचक्या मारतो. (त्यातल्या चौथीला जरा उशीर व्हायचा, हे तिनेच मला सांगितलं, आणि मी सुधारणा केली.) आणि त्या पाचांत एक सोय होती ताई. एखादा हुकला तरी चार असायचे. माणसाला हुकायला जागा होती.

मग नवी गाडी आली आणि साहेब लोकांनी ठरवलं की एका चाकाला एकच नट पुरे. मुठीएवढा, मधोमध. पहिल्या दिवशी सरावाला मी तो एक नट लावला आणि माझा हात थांबेचना. उरलेले चार मी हवेत लावले. आमचा जॅकवाला मार्केल, जो गाडी उचलतो, तो कॉलेजात फुटबॉल खेळलेला पोरगा आहे, खांदे दाराच्या चौकटीएवढे, वय चोवीस. तो म्हणाला, “मामा, गाडी गेली. आता दार ठोठावताय का कुणाचं?” (ब्रँटली मला मामा म्हणतो म्हणून तिथे सगळेच मला मामा म्हणतात. मालकसुद्धा.) हल्ली या कामाला असलेच पैलवान घेतात. सकाळी सात वाजता आम्हाला गवतावर उताणं झोपवून पाय डोक्यामागे न्यायला सांगतात. माझे पाय जिथपर्यंत जातात तिथपर्यंत मी नेतो आणि बाकीचं अंतर कल्पनेवर सोडतो. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस त्या कळपात का आहे, तर ब्रँटलीने करारावर सही करताना मालकाला सांगितलं होतं की पुढच्या चाकांवर मामा असेल तरच मी बसेन. हे त्याने तुला सांगितलं नसेल. मला मालकाने सांगितलं, तेही रागात.

एका नटाचं काम सोपं आहे असं दाजींना वाटतं. (दाजींना सगळीच दुसऱ्याची कामं सोपी वाटतात, हे त्यांना वाचून दाखवू नकोस.) बंदूक नटावर टेकवायची, घोडा दाबायचा. नट फिरतो तोवर बंदूक भुर्र करते. घट्ट बसला की आवाज बदलतो, टक टक टक असा ठोका सुरू होतो. तो ठोका ऐकला की हात काढायचा आणि पळायचं. ठोक्याच्या आधी काढला तर नट सैल. नंतर दोन श्वास थांबलं तर पाच गाड्या पुढे गेल्या. बस, एवढंच. पण आता तो एकच आहे. तो सैल राहिला तर चाक निघतं, आणि डार्लिंग्टनला गाड्या भिंतीपासून वीतभर अंतरावरून ताशी एकशे सत्तर मैलांनी जातात. नियम असा की चालत्या गाडीचं चाक निखळलं तर ते लावणाऱ्याला दोन शर्यती घरी बसवतात. दोन शर्यतींचं मला काही नाही. गाडीत कोण बसलेलं असतं ते तुला माहीत आहे.

आता रविवार. शेवटची चाकं बदलायला गाडी आत आली तेव्हा आम्ही चौथे होतो. मार्केलने गाडी अशी उचलली की मला वाटलं तो ती घरी घेऊन जाणार. मी उजवं चाक काढलं, नवं बसलं, बंदूक लावली, काढली, डावीकडे पळालो, ते लावलं, आणि गाडी सुटली. बाहेर पडली ती पहिली! मार्केलने मला उचलून भिंतीवर ठेवलं. मालकाच्या बायकोने, जिने तीन वर्षांत माझ्याकडे मान वळवून पाहिलं नव्हतं, तिने मला स्वतःच्या हाताने पिमेंटो चीजचं सँडविच दिलं. मी त्याचा एक घास घेतला. दुसरा अजून घेतलेला नाही.

सहा फेऱ्या झाल्या असतील. रेडिओवर ब्रँटली म्हणाला, “पुढे काहीतरी थरथरतंय. उजवीकडे.”

थरथर कशानेही होते ताई. टायरला रबर चिकटतं, टायर झिजतो, पोराचा हात घामाने थरथरतो. आणि नट सैल असला तरीही अशीच होते, अगदी अशीच, आधी थोडी आणि मग जास्त. पुढच्या फेरीला तो म्हणाला, “वाढतंय.” मागची गाडी तेव्हा दोन सेकंदांवर होती. त्या क्षणी आत बोलावलं तर एक फेरी गेली, शर्यत गेली, तुझं नाव गेलं. नाही बोलावलं आणि नट सैल असला, तर काय गेलं असतं ते मी लिहीत नाही.

आमचा प्रमुख हॉलिस उंच मचाणावर बसतो, तिथून त्याने खाली माझ्याकडे पाहिलं. त्याच्या फर घराण्यातली माणसं मुळात कमी बोलतात, हा त्यांतही कमी. म्हणाला, “ड्वाइट, पुढचा उजवा. घट्ट होता ना?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मार्केलने पाहिलं, पेट्रोलवाल्याने रिकामा डबा हातात धरून पाहिलं, मालकाच्या बायकोने पाहिलं. मी माझ्या हाताकडे पाहिलं. एक फेरी तीस सेकंदांची असते. गाडी समोरून गेली, काचेवर तुझं नाव, आणि तुझ्यासारखीच ती न थांबता गेली.

“ड्वाइट!” हॉलिस ओरडला. “हो की नाही?”

तेवढ्यात ब्रँटलीचा आवाज आला. शर्यतीच्या मधे चालकाने असं बोलायचं नसतं, सगळं मैदान ऐकत असतं. पण तो बोलला. “मामाला विचारा. तो म्हणेल तर मी शेवटपर्यंत पाय काढत नाही. मामा, सांग फक्त.”

ताई, तो तीन वर्षांचा असताना आपल्या गोठ्याच्या छपरावर चढला होता आणि खाली मी उभा होतो. तेव्हाही त्याने असंच विचारलं होतं, “मारू उडी?” तेव्हा मी हो म्हणालो होतो आणि बराचसा झेलला होता. (हे तुला आजवर ठाऊक नव्हतं. त्याच्या कपाळावरची खूण मांजराची नाही.) रविवारी माझे हात रिकामे होते. मी भिंतीला धरलं. आणि मी म्हणालो, “सैल आहे. आत बोलवा.”

तो एका शब्दाने भांडला नाही. आला. मी चाक बदललं, या वेळी बंदूक इतका वेळ दाबून धरली की मार्केलने माझी कॉलर धरून मला मागे ओढलं. गाडी एकविसावी आली. काढलेलं चाक भिंतीमागे नेऊन सगळ्यांनी पाहिलं. सैल चाक आतून घासतं, चकचकीत पट्टा पडतो. पट्टा नव्हता. टायरच्या कडेला उंदराएवढा रबराचा गोळा चिकटला होता. दोन फेऱ्यांत तो आपोआप सुटून पडला असता. नट घट्ट होता ताई. दगडासारखा घट्ट होता. तुझा मुलगा ती शर्यत जिंकला असता.

ब्रँटली गाडीतून उतरला, हेल्मेट काढलं, माझ्यासमोर उभा राहिला आणि तसाच निघून गेला. परतीच्या विमानात माझ्या शेजारची जागा रिकामी होती. मार्केल आला आणि तिथे बसला, आणि त्याने मला उकडलेल्या शेंगा सोलून दिल्या, जसं एखाद्या आजाऱ्याला देतात. हॉलिसने विचारलं, “कशावरून वाटलं तुला सैल?” मी म्हणालो, हाताला कळलं. बावीस वर्षांचा हात आहे, त्याला कळतं, आणि कधीमधी जास्त कळतं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा हेच करेन. एखादी शर्यत परत मिळते, भाचा परत मिळत नाही. हे तुला पटावं एवढ्यासाठी हे पत्र. दाजींना नमस्कार. कोबलरच्या भांड्याचं ग्लेंडाकडे मी सांभाळून घेतो.

तुझा धाकटा,
ड्वाइट

ता. क. ग्लेंडाने पत्र वाचलं आणि म्हणाली, “सगळं लिहिलंस, खरं तेवढं सोडून.” तेव्हा खरं असं. माझ्या हाताला काही कळलं नव्हतं. मला तो ठोका ऐकू आला नाही. उजवा कान गेलाय ताई. बावीस वर्षं बंदूक त्याच्याशेजारी वाजत होती, वर्षभरापासून तो कमी होत होता आणि मार्चपासून तिकडे काहीच नाही. रेडिओ डाव्या कानात असतो म्हणून कुणाला समजलं नाही. मार्चपासून मी प्रत्येक नट मनातल्या मनात मोजून, अंदाजाने लावतोय. प्रत्येक शर्यतीला, तुझ्या मुलाच्या गाडीचा. रविवारी हॉलिसने विचारलं तेव्हा घट्ट होता की सैल हे मला माहीतच नव्हतं, आणि “माहीत नाही” म्हणायची लाज वाटली, म्हणून सैल म्हणालो. पाच होते तोवर हे निभलं असतं.

ता. ता. क. मी आज सकाळी हॉलिसला सगळं सांगितलं आणि बंदूक त्याच्या टेबलावर ठेवून आलो. तो “बरं” म्हणाला. मग उठून दार लावून घेतलं आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली. माझ्या जागेवर कोण येईल ते तो बघेल. त्याबद्दल तुला काही विनंती नाही.

विनंती ही आहे. ग्लेंडा सांगते की काल संध्याकाळी ब्रँटली आमच्याकडे आला होता. मी मागे शेडमध्ये, डाव्या कानात रेडिओ लावून, गवत कापायचं यंत्र उघडून बसलो होतो. तो माझ्या उजव्या हाताला येऊन उभा राहिला, टोपी हातात घेऊन, आणि तीनेक मिनिटं बोलत होता. तिने खिडकीतून पाहिलं. मी मान वर केली नाही. मग तो गेला. ताई, तो आला होता हेच मला माहीत नव्हतं. त्याला वाटत असेल मामाने उत्तर दिलं नाही. गुरुवारी तो तुझ्याकडे जेवायला येतो ना? त्याला सांग की मामाचा कान गेलाय, मामाला त्याच्यावर राग नाही. आणि विचार, काल तो काय म्हणाला. तुला सांगणार नाही तो. तेव्हा त्याला इकडेच पाठव, आणि डाव्या बाजूला उभं राहायला सांग.