शेजारणीचं पाणी

बाबा, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि आज पहिल्यांदाच मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. लोकांचं बोलणं सोसून तुम्ही मला मराठी चौथीपर्यंत शिकवलंत, म्हणून हे लिहिता तरी येतंय.

पूर्णगडच्या किनाऱ्याला ते प्रेत लागलं तेव्हा मी दहा वर्षांची होते. कुठल्या तरी परक्या गलबतावरचा खलाशी. दंडावरच्या ताविजावरून मुसलमान, एवढंच कळलं. गलबतावर पटकी होती असं कोणीतरी बोललं आणि जमलेली माणसं पांगली. तुम्ही शीड शिवत बसला होतात. सुई तशीच कापडात खोचून उठलात, घरी आलात आणि पेटीतून माझं पांढरं कापड काढलंत. ईदच्या कपड्यांसाठी मामांनी मुंबईहून पाठवलेलं. मी रडून गोंधळ घातला, तो आपला कोण लागतो म्हणून विचारलं. तुम्ही माझ्यावर कधी हात उगारला नाहीत, त्या दिवशीही नाही. फक्त म्हणालात, "त्याला न्हाणवायला कोणीच नाय गेला, तर गुन्हा साऱ्या गावावर. एक गेला, तर सारे सुटतात. तो एक आपण का नसावा?" आणि गेलात. एकट्यानेच त्याला न्हाणवलंत, कफन घातलंत. दफनाच्या वेळी मात्र चार माणसं खाली मान घालून आली. आई चुलीपाशी तोंड फिरवून बसली होती. परतल्यावर तुम्ही दारातूनच मला समजावलंत, की अल्ला प्रत्येकाला चांगुलपणा देऊनच जगात पाठवतो, तीच माणसाची फितरत, जन्मजात वृत्ती. ती बाहेरून आणावी लागत नाही. मग पळाले त्यांचं काय, असं मी विचारलं. त्यांच्यातही आहे, वर भीती बसली आहे, एवढंच तुम्ही म्हणालात. मी विश्वास ठेवला. वीस वर्षं ठेवला.

लग्न होऊन मी रत्नागिरीत बंदराजवळ आले. शेजारी एका खारव्याची बायको राहायची. तिचा नवरा आणि माझा नवरा, दोघेही आठ-आठ महिने समुद्रावर. माझी लेक झाली तेव्हा सुईण येईपर्यंत तिनेच माझं डोकं मांडीवर धरून ठेवलं होतं. तीन वर्षांपूर्वी, शिमग्यानंतर, तिला देवी आल्या. आमच्या आळीत बारा घरं. सगळ्यांनी दारं लावून घेतली. मीही लावलं. लेकीला अजून देवी टोचून घेतल्या नव्हत्या आणि ती माझी एकुलती एक.

भर दुपार आहे. मी तांदूळ निवडत बसले आहे. भिंतीपलीकडून हाक येते, "भाबी, पाणी." थोड्या वेळाने पुन्हा. मी सुपाकडेच बघत राहते. मान वर करते तर चार वर्षांची लेक मडक्यातून पेला भरून, दोन्ही हातांनी सांभाळत, पाणी सांडत दाराकडे निघाली आहे. तिला कोणी सांगितलेलं नाही. तुम्ही म्हणत होतात ते खरंच होतं, बाबा, मी ते डोळ्यांनी पाहिलं. मी उठले, पेला तिच्या हातातून काढून घेतला आणि पाणी मोरीत ओतून दिलं. ती म्हणाली, "ती मागतेय." मी म्हटलं, "कोणी मागत नाय."

तिसऱ्या दिवशी माणसं येऊन तिचं प्रेत घेऊन गेली. माझा नवरा परत आल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, तू आई आहेस, दुसरं काय करणार होतीस. आळीतल्या बायकाही हेच म्हणतात. एकीने जरी मला दोष दिला असता, तर बरं झालं असतं. चांगुलपणा जन्मासोबत येतो हे तुम्ही शिकवलंत. तो आपल्याच हाताने पोराच्या हातून काढून घेतला, तर पुढे काय करायचं, हे शिकवायचं राहून गेलं. मी नमाज पढते, रोजे ठेवते, आणि दुवा मागायला हात उचलले की त्या हातांकडे बघवत नाही.

पूर्णगडला येऊन हे तुमच्या कबरीपाशी वाचावं म्हणून लिहायला घेतलं होतं. आता नाही येणार. काल अंगावर फोड आलेली एक भिकारीण आळीत शिरली. लेक अंगणात खेळत होती. भिकारणीला पाहताच ती धावत आत आली आणि मी काही बोलायच्या आधीच तिने दाराची कडी लावली. बाबा, मला बरं वाटलं.