दुकान वाढवायचं ठरलं

११ जानेवारी १९६१, पुसद
नागपूरहून कागद आला. रेडिओ दुरुस्तीच्या कारखान्यात जागा, १० एप्रिलला हजर व्हायचं. दोनदा वाचला, घडी करून गाण्यांच्या तव्यांच्या पेटीत ठेवला. शांताला सांगितलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही. "म्हंजे आता लगनसराईत घरी राह्यसान?" एवढंच. लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचा हा धंदा काढून तीन वर्षं झाली. लग्न कुणाचंही असो, मी तिथं हजर. परवा लेकीनं मला दारात पाहून आत ओरडून सांगितलं, पाहुणे आले.

१३ जाने.
धंद्यातून बाहेर कसं पडायचं, याची यादी केली. मशीन, भोंगा, बॅटऱ्या, तवे: गिऱ्हाईक शोधणे. जागा: मालकाला सांगणे. फुलसिंग:
पुढे काही सुचलं नाही.
फुलसिंग भागीदार. ढाणकीकडच्या तांड्यावरचा. मशीन माझं, बैलगाडी त्याची, कमाई निम्मी-निम्मी. आजे-पणजे बैलांवर माल लादून मुलूख फिरले, मी भोंगा लादून फिरतो, असं तोच सांगतो आणि तोच हसतो. यापुढे नुसतं फु. लिहीन, एवढं मोठं नाव रोज कोण लिहिणार.

२२ जाने.
बोरी अरबला जाऊन आलो. तिथल्या एका व्यापाऱ्याचा जावई रिकामा बसलाय, त्याला कामाला लावायचंय. सगळं सामान घेतो म्हणाला. फु.चं काय, विचारलं. "गाडीवाला आमच्या घरचाच हाय नं. तो कायले पाह्यजे?" भागीदार आहे तो, असं म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही. चहा संपवून उठलो.

२९ जाने.
फु. आला. आज सांगायचंच होतं. पण 'बंद' हा शब्द दुकानात बसून तोंडातून निघेना. आमच्याकडे बांगडी फुटली तरी वाढली म्हणतात. म्हणालो, "फुलसिंग, लगनसराईच्या आधी दुकान वाढवाचं म्हंतो." त्याचा चेहरा असा फुलला की मला वाटलं, काय मोठ्या मनाचा माणूस! "माह्या मनातलं बोल्ले, भाऊ." चहा त्यानंच पाजला. उगाच तीन आठवडे भ्यालो. हलकं वाटतंय.

१४ फेब्रु.
दोन आठवडे फु. फिरकला नव्हता. आज आला तो गाडीत दुसरा भोंगा घालून. जुनाच, एका बाजूला पोचा आलेला. मग धोतराच्या सोग्यातून सुपाऱ्या काढून माझ्यापुढे मांडल्या. अकरा. म्हणजे अकरा लग्नांचं काम घेऊन आला, वेगवेगळ्या तांड्यांवरचं, त्या त्या तांड्याच्या प्रमुखासमोर, नाईकासमोर, शब्द देऊन. "तुमी वाढवाचं म्हनलं, म्या वाढोलं."
बाजारात दिवेलागणीला जो तो दुकान 'वाढवतो'. पण फु. तोवर गाडी जुंपून वाटेला लागलेला असतो. त्यानं तो शब्द ऐकला कधी?
मला काय म्हणायचं होतं ते सांगितलं. "बंद कराचं होतं तं बंद म्हनाचं होतं ना, भाऊ." रागावला असता तर बरं झालं असतं.

१५ फेब्रु.
शांताला हसू येईल असं वाटलं, म्हणून सांगितलं. हसली नाही. "एका शब्दाले भेले तुमी," म्हणाली. सुपाऱ्या परत कर, असं फु.ला सुचवून पाहिलं होतं. नाईकासमोर घेतलेली सुपारी परत केली तर तांड्यात पंगतीला बसवतील, पण पुन्हा काम कुणी देणार नाही, म्हणाला. अकरांतली सहा लग्नं दहा एप्रिलनंतरची आहेत.

२० फेब्रु.
बोरी अरबला नकार कळवला. जावयाचं नशीब. नवा बेत: मशीन फु.कडेच राहील, चालवील तोच. शिकवायला घेतलंय. तारा बरोबर जोडतो, बॅटरीचं पाणी बघतो, सुई बदलतो. माइक हातात दिला की मुका. "मले तुमच्यासारखं शुद्ध नाई येत, भाऊ." शुद्ध म्हणजे काय, तर मंडळींनी जेवायला बसून घ्यावे.

१९ मार्च
सुपारीचं पहिलं लग्न. घसा बसल्याचं सोंग केलं. फु. घामाघूम. माइक घेऊन नेमका भोंग्यासमोर उभा राहिला. भोंग्यानं अशी शिट्टी मारली की बैल बिथरले, मांडवात हशा. उठून माइक घ्यावासा वाटला. मांडी घालून बसून राहिलो. मग तो बाजूला सरकला आणि आपल्या बोलीत म्हणाला, "सामळो!" ऐका. आणि सगळा मांडव ऐकायला लागला. मला त्यांची बोली अर्धीच कळते. नवरीच्या पणज्याचं नाव घेतलं, कुठल्या घाटातनं मिठाच्या गोण्या आणल्या ते सांगितलं. म्हाताऱ्या बाया घुंगटाआड डोळे पुसत होत्या. नाईक उठून उभा राहिला.
तीन वर्षं याच तांड्यांवर मी शुद्ध मराठीत आहेर वाचले आणि लोक शांतपणे जेवले.
हेवा वाटला. लिहून ठेवतो, नंतर नाही म्हणायला नको.

२ एप्रिल
चार लग्नं झाली. आता बोलावणं येतं ते फुलसिंगच्या भोंग्याला. काल एका म्हातारीनं मला विचारलं, "तू कोन रे बाबा? बॅटरीवाला काय?" हो म्हणालो. बेत ठरवला होता तसाच पार पडतोय. माझ्यावाचून कुणाचं अडू नये, हेच तर हवं होतं. रात्री जेवण गेलं नाही.

८ एप्रिल
ट्रंक भरली. उद्या मी पुढे जातो, शांता आणि लेक महिन्याभरानं येतील. संध्याकाळी फु. आला. बराच वेळ बैलांबद्दलच बोलत होता. उठता उठता म्हणाला, "मे महिन्यात माह्या पोरीचं लगन हाय. बापाले भोंग्यावर बोलनं जमनार नाई, रडू येईन. तुमी बोलसान?"
"माझी मराठी तुमच्या लोकांना कळते का?"
"कळो नाई तं नाई. तुमी बोला."
सुट्टीचं बघतो म्हणालो. नव्या नोकरीत महिन्याभरात सुट्टी कोण देतो? शांतानं तेच विचारलं, तिलाही तेच उत्तर दिलं.
तरी आता चार ओळी लिहून पाहायला बसलो. पहिल्याच ओळीत अडलो. तीन वर्षं निम्मी-निम्मी भागीदारी, आणि त्याच्या पोरीचं नाव मला माहीत नाही. उद्या सकाळी ट्रंक स्टँडवर पोचवायला तो गाडी घेऊन येणार आहे, तेव्हाच विचारावं लागेल. मोटार साडेसहाची.