तेरा इंचांवरून येणारी नात

३ तारीख, सोमवार
लेकीचं तिकीट आलं. शनिवारी नात येतेय! तीन वर्षांची झाली, अजून फक्त फोनच्या स्क्रीनवर पाहिलीय. ठरवलं: विमानतळाच्या दारातून बाहेर आली की पहिल्यांदा कडेवर घेणार मी. व्याह्यांचा नंबर दुसरा. ते रिटायर झाल्यापासून सगळीकडे तासभर आधी जाऊन बसतात. तीच त्यांची कला.
तिकिटावर लिहिलंय, तिथून शुक्रवारी रात्री दहाला सुटणार, इथे शनिवारी दुपारी साडेबाराला उतरणार. बघू. तीस वर्षं शिवणकाम केलंय. दुसऱ्याने लिहिलेल्या मापावर मी कापड कापत नाही.

४ तारीख, दुकानात
भिंतीवरच्या जगाच्या नकाशाला टेप लावला. त्या विमानतळापासून या विमानतळापर्यंत बरोब्बर तेरा इंच. इंचाला हजार किलोमीटर, म्हणजे तेरा हजार. विमान ताशी नऊशेने येतं. झाले साडेचौदा तास. आणि रात्री दहा ते दुपारी साडेबारा किती? साडेचौदा! अंगावर काटाच आला. म्हणजे साडेबारा हे तिथल्या घड्याळाचे! आपलं घड्याळ साडेचार तास पुढे. विमान संध्याकाळी पाचला उतरणार.
एवढी साधी गोष्ट विमान कंपनीलाही कळू नये!

५ तारीख
लेकीला फोन केला. म्हणे, बाबा, अंतर नऊ हजारच आहे, प्रवास दहा तासांचा, आणि उतरायची वेळ तिकिटावर जिथे उतरायचं तिथलीच असते. इंजिनिअर झाली, पण टेप कधी हातात धरला नाही.
बायको म्हणे, पृथ्वी गोल आहे, विमान काही भिंतीवरून येत नाही. मी म्हटलं, मग तर आणखीच लांब पडेल.

६ तारीख
नातीसाठी फ्रॉक. लेकीने माप पाठवलंय. बघायचीही गरज नाही. फोनवर पाहिलंय ना!

८ तारीख, सकाळी साडेदहा
बायको व्याह्यांच्या गाडीत बसून गेलीसुद्धा. बसा म्हणावं ताटकळत.

दुपारी एक
सारखा फोन वाजतोय. बंद केला. काजं करताना चित्त लागतं.

संध्याकाळी पाच, विमानतळ
व्याह्यांचा पत्ता नाही. कंटाळून घरी गेले असणार. जिंकलो!

सव्वासहा
चौकशीच्या खिडकीतल्या बाईंना टेप काढून सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, काका, ते विमान साडेबारालाच आलं.
फोन सुरू केला. एकवीस मिस्ड कॉल.

साडेसात, घरी
नात व्याह्यांच्या मांडीवर. मी हात पुढे केले. तिने आईला विचारलं, हे आजोबा कुठल्या विमानाने आले? सगळे हसले. मीही हसलो. फार वाईट वाटलं.
फ्रॉक डोक्यातून खांद्यापर्यंत गेला आणि अडकला. व्याह्यांनी सोडवला.

९ तारीख, रविवार
सकाळपासून फ्रॉक उसवतोय. गोल अंगावरचा कपडा टेबलावर ताणून सपाट केला की माप वाढतं, हे मीच आजवर गिऱ्हाइकांना सांगत आलो. नकाशाही ताणलेलाच असणार. कुणी सांगितलं नाही.
नात आपणहून जवळ आली. टेप लावला. छाती एकवीस इंच. मी सोळा धरली होती. माप घेऊन झाल्यावरही ती मांडीवरून उठली नाही. व्याही बघत होते.
लेकीचं नि नातीचं परतीचं विमान तीस तारखेला, सकाळी नऊचं. घरून कधी निघायचं ते बायकोला विचारून ठेवलंय.