डेल्फिनियमचा एकच तुरा

शनिवार, १० मार्च १९९०. सकाळी ६ वा. १० मि.

वेळ मुद्दाम लिहून ठेवते. उद्या कोणी "बाई, तुमचा काहीतरी गैरसमज झाला" म्हणायला नको. दूध गॅसवर, घड्याळ समोर, आणि शेजारचे दामले आमच्या फाटकातून बाहेर पडताना. हातात रोजची परडी. तगर, जास्वंद, आणि वर आडवा टाकलेला हातभर निळा तुरा.

दूध उतू गेलं. गाउनवरच धावले. दुधाच्या रांगेत निम्मी आळी उभी होती, तिच्यासमोर ओरडले, "चोर!" एकतीस वर्षं वर्गात शिकवलं, आवाज अजून शाबूत आहे.

दामले वळले. "देवासाठी नेतोय, बाई," म्हणाले आणि घरात गेले.

कुंडीत नुसता देठ. कात्रीनेही नाही, नखाने खुडलाय.

त्याच दिवशी, दुपारी

पारूबाई भांडी घासता घासता: "बाय, मी बगितला त्यांना खुडताना. मना वाटला तुमीच सांगितला असंल. ते तर रोजच नेतान ना फुला."

रोज नेतात हे खरं. जेवले नाही.

रविवार, ११ मार्च

काय गेलं ते एकदा नीट लिहून काढते. डोक्यात नुसतं फिरतंय.

शालूने गेल्या एप्रिलात पाचगणीहून डेल्फिनियमचं बी पाठवलं. आम्ही दोघी बहिणी तिथे शाळेत होतो तेव्हापासून ही निळी फुलं तिच्या डोक्यात. सिस्टर आम्हांला त्या वाफ्याला हात लावू देत नसत. निवृत्त झाल्यावर शालूने तिथेच घर घेतलं आणि सगळं अंगण निळं केलं. पाकिटावर लिहिलेलं: "ताई, आधी फ्रिजमध्ये ठेव. पनवेलच्या उकाड्यात थेट पेरशील तर गाढव आहेस. बी मिळालं का ते लगेच कळव."

कळवलं नाही. म्हटलं, फूल आलं की फुलासकट लिहू, चकित होईल. जूनमध्ये ती गेली.

तिचं घर भाच्याने विकलं. नव्या मालकाने अंगणात फरशी घातली.

म्हणजे बी उरलं ते माझ्या फ्रिजमध्ये, लोण्याशेजारी. हे बी फार दिवस टिकत नाही, म्हणून ऑक्टोबरात सगळंच्या सगळं पेरलं. सव्वीस दाणे. उगवले चार. एक गोगलगाईने खाल्ला, दोन माना टाकून मेले. चौथा वाचला. त्याला बर्फाचं पाणी घातलं, दुपारी माझी छत्री धरली. फेब्रुवारीत तुरा आला. तसा निळा रंग शाईतसुद्धा नसतो.

आता खाली शेंगा धरल्या होत्या. पाच. बी पिकायचीच वाट बघत होते.

सोमवार, १२ मार्च

दामल्यांची सुमन मागच्या दाराने आली. डोळे सुजलेले. सगळं तिच्या तोंडून कळलं. प्रकाशची, त्यांच्या मुलाची, उरणची नोकरी सुटून आठ महिने झाले. ज्योतिषाने साडेसाती सांगितली. सात शनिवार शनीला निळं फूल वाहायचं. एरवी आमच्या कुंपणावरचं गोकर्ण नेतात, पण ते सध्या फुलत नाही.

"ह्यांना वाटलं, गोकर्णाचीच काहीतरी विलायती जात असेल, वत्सूताई."

विलायती जात! बी.ए. झालेला माणूस.

"आणि तुम्हीच म्हणाला होतात ना, फुलं हवी ती न्या, विचारत बसू नका म्हणून."

म्हणाले होते. कावीळ झाली तेव्हा सुमनने महिनाभर डबा दिला, त्यानंतर. बारा वर्षं झाली. पण ते जास्वंदीबद्दल. हे असं सांगावं लागतं का माणसाला?

बुधवार, १४ मार्च

बियांच्या पाकिटाबरोबर आलेलं शालूचं पत्र परत काढलं. नऊ महिने हात लावला नव्हता. दुसऱ्या पानावर, समासात आडवं: "शेंगा पिवळ्या पडायला लागल्या की अख्खा तुरा कापून कागदात उलटा टांग. बी घरात पिकतं."

खालच्या दोन शेंगा पिवळट झाल्या होत्या. शुक्रवारी संध्याकाळी मी स्वतः पाहिल्या होत्या.

म्हणजे अजून

धावत सुमनकडे. "तुरा कुठाय?" निर्माल्याच्या पिशवीत. ती पिशवी त्यांच्या मागच्या पडवीत खुंटीला टांगलेली असते. माझ्या ओट्यापाशी उभं राहिलं की समोर दिसते. भगवी, बोचकं झालेली.

"काढून दे."

"वाहिलेलं फूल परत घेत नाहीत हो, ताई. त्यात हे प्रकाशसाठी वाहिलेलं."

"मी फूल मागत नाही, शेंगा मागतेय. शेंगा काही वाहिल्या नव्हत्या."

आतून दामले: "आधी चोर शब्द मागे घ्यायला सांग. लेखी!"

मीही तिथल्या तिथे सांगितलं, माफी मला हवी. तीही लेखीच. आले निघून.

शनिवार, १७ मार्च

दामले सकाळी रिकामी परडी घेऊन बाजाराकडे गेले. आमच्या फाटकाकडे बघितलंसुद्धा नाही. जास्वंदीवर अठरा फुलं तशीच. संध्याकाळपर्यंत मिटून गळाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

सोमवार, १९ मार्च

पिशवी फुगतेय. रोज वरून ओली फुलं पडतात. बाजारची असणार, झेंडू. शेंगा त्याखाली. ओल, उकाडा. पिकायचं सोडून कुजतील. भांडी घासायला पारूबाई आहे, तरी दिवसभर ओट्यापाशीच उभी असते मी.

कुंडीतल्या देठाला नवा फुटवा नाही. बर्फाचं पाणी चालू आहे.

गुरुवार, २२ मार्च

पारूबाई म्हणाली, "तुमी बोलाल तर मी हलूच काडून आनते. कोन बगतंय?"

मोह झाला. खोटं कशाला लिहू? "आण" एवढं तोंडाशी आलं होतं. मग तिला म्हटलं, चोर कोणाला म्हणायचं ते मग नव्याने ठरवावं लागेल. ती हसली. मला नाही हसता आलं.

शुक्रवार, २३ मार्च

भाजीवाल्यापाशी सुमन भेटली. आधी मेथीच निवडत बसली. मग खाली बघून, हळूच: "मंगळवारी पाडवा. सोमवारी अमावास्येला निर्माल्य तळ्यात सोडणार आहेत."

"प्रकाशचं काय?"

"काल मुलाखतीला पुण्याला गेला. ह्यांना दोन रात्री झोप नाही." मग म्हणाली, "ताई, तुम्हांला मूल नाही, म्हणून..." आणि थांबली. घाबरून माझा हात धरला.

सोडवून घेतला. मूल नव्हतं, पण शालू आठ वर्षांची असल्यापासून तिची वेणी मी घालत होते. हे भर बाजारात काय सांगणार?

घरी आले, फ्रिज उघडला. लोण्याशेजारी रिकामं पाकीट. "लगेच कळव."

शनिवार, २४ मार्च. सकाळी

चार खर्डे फाडले. पहिल्यात 'अडाणी' होतं, दुसऱ्यात 'कृतघ्न'. पाचवा पारूबाईच्या हाती दिला. नक्कल:

"श्री. दामले यांस,

१० तारखेस सकाळी ६ वा. १० मि. मी रस्त्यात आपल्याला चोर म्हटले. तो शब्द मागे घेते. फुले न विचारता नेण्याची मुभा मीच दिली होती. तुरा मात्र विचारून न्यायला हवा होता, हे माझे म्हणणे कायम आहे.

शनीला वाहिलेले फूल शनीकडेच राहो. प्रकाशला नोकरी लागावी असे मलाही मनापासून वाटते. मी मागते त्या फक्त खालच्या पाच शेंगा. हे बी माझ्या धाकट्या बहिणीचे आहे आणि आता दुसरीकडे कुठेही नाही. तिने एक साधी गोष्ट विचारली होती, ती मी वेळेत लिहून कळवली नाही. तसे आपण करू नये.

मला पिशवीत हात घालू द्याल की नाही, हो किंवा नाही, एवढेच लिहा. सुमनकडून तोंडी निरोप नको. उत्तर लेखी हवे, उद्या रविवार, ता. २५, संध्याकाळी सहाच्या आत. फाटक उघडे ठेवले आहे. येताना परडी आणलीत तरी चालेल.

वत्सला"